पहिली खेप रिकामी

एकदा हातात घेतलेली गोष्ट न सोडण्याच्या बाबतीत आमच्या तारीअण्णांचा हात धरील असा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. हे मी त्यांच्या स्वभावाबद्दल बोलत नाही. स्वभावानं ते इतके सैल होते की कुणी नुसतं बघितलं तरी अंगावरची घोंगडी काढून देत आणि मग स्वतः कुडकुडत बसत. मी बोलतोय ते त्यांच्या खऱ्याखुऱ्या, पाच बोटांच्या हाताबद्दल. त्या हातानं सकाळच्या पारी काही धरलं, की ते सुटायची एक वेगळी वेळ असे, आणि ती वेळ ना तारीअण्णांच्या ताब्यात होती, ना धरल्या गेलेल्याच्या. एकदा फिरतीवरचे एक अंमलदार नदीकाठी आले. पायातला बूट सारखा करायला वाकताना त्यांनी छत्री तारीअण्णांच्या हातात दिली आणि उभं राहून परत मागितली. तारीअण्णांनी अदबीनं हात पुढे केला, छत्रीही पुढे आली, पण बोटं काही उघडेनात. अंमलदारांनी ओढली. तारीअण्णा 'घ्या की सायेब, घ्या की' म्हणत राहिले. साहेब लाल झाले, जोरानं ओढू लागले, आणि पुढे साहेब, मध्ये छत्री, मागे ताठ पायांनी फरफटत जाणारे तारीअण्णा अशी वरात पार पाण्यापर्यंत गेली. तिथं बोटं आपली आपण उघडली आणि साहेब छत्रीसकट चिखलात बसले. तारीअण्णांनी त्यांना उठवायला हात दिला नाही. पुन्हा अडकायची भीती होती ना.

ही गोष्ट फार जुनी आहे. जोयड्याच्या रानात तेव्हा मोटार कुणी पाहिली नव्हती आणि आमच्या भागात काळी नदीवर पूल नव्हता. अलीकडच्या काठाला आठ-दहा घरं, एक शाळा आणि तारीअण्णांचं झोपडं, पलीकडच्या काठाला बाजाराची वाट, आणि मध्ये तारीअण्णांची होडी. मी खानापूरकडचा. नवाकोरा मास्तर होतो आणि दुसरं कुणी जाईना म्हणून मला या शाळेवर धाडलं होतं. त्या काळी टपालाचं कामही शाळेच्या मास्तराच्याच गळ्यात असे. रोज सकाळी पिशवीला लाखेची मोहोर करायची, नदी ओलांडायची, पलीकडे घुंगराची काठी घेऊन उभ्या असलेल्या पायी टपाल नेणाऱ्या हरकाऱ्याच्या हवाली ती करायची आणि त्याच्याकडची पिशवी घेऊन परतायचं. मी वयानं पंचविशीतला आणि नियमानं साठीतला माणूस होतो. टपालाला पाच मिनिटं उशीर झाला तर सरकार कोसळेल अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पहिल्या सकाळी पिशवी घेऊन काठावर गेलो. पौषाची थंडी, पाण्यावर धुकं. तारीअण्णा होडीजवळ उभे होते. त्यांना बघून छाती दडपली. दंड, मांड्या, मान, सगळं तालमीत घडवल्यासारखं. वाटलं, हा गडी मला होडीसकट उचलून पलीकडे ठेवील. मी म्हटलं, "चला." ते हलले नाहीत. मी म्हटलं, "चला हो!" ते हसले, आणि हसताना मिटलेले डोळे बराच वेळ मिटलेलेच राहिले. मग एक पाय लाकडासारखा पुढे आला, त्याच्यामागून विचार करून दुसरा आला. ते होडीत चढले. मी पाय टाकणार तोच वल्हं आडवं धरून म्हणाले, "थांबा मास्तर. पयली खेप रिकामी. देवाची." आणि माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होडी घेऊन पलीकडे गेले, हरकाऱ्याला रामराम घातला आणि तशीच रिकामी परत घेऊन आले. जाताना कासवाच्या पायानं गेलेली होडी येताना मात्र सपासप आली. "बसा आता," म्हणाले. मी रागानं तोंड फिरवून बसलो. मध्यावर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, तुमच्या खानापुराकडं कोण अडकतंय का?"

"कशात?"

"कशात न्हाई. असंच. सकाळचं."

मी ठणकावून सांगितलं की आमच्याकडे कुणी कशात अडकत नाही, आमच्याकडची माणसं वेळेवर कामाला लागतात. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "बरं," म्हणून ते वल्हवू लागले. पुढे पाहिलं, तर हा प्रश्न ते परगावच्या प्रत्येक माणसाला विचारत. बांगड्यावाल्याला विचारत, मिरीच्या व्यापाऱ्याला विचारत, गोव्याकडून आलेल्या कुणा पाद्र्यालाही त्यांनी तो विचारला होता. पाद्र्याला वाटलं, पापाबद्दल विचारतायत. त्यानं होडीतच त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

तारीअण्णांच्या सगळ्या सवयी अशाच उलट्या होत्या. ते सहसा बसत नसत, कारण बसलेल्या माणसाला कधीतरी उठावं लागतं. गावजेवणात पंगतीला बसवलंच, तर दुसरा भात वाढायला येई तेव्हापासून ते उठायला सुरुवात करत आणि ताकाच्या वेळेला उभे झालेले असत. जेवायच्या आधी चार-सहा वेळा रिकामं तोंड चावून घेत. शिंक आली तर नदीच्या मध्यावरही डोळे मिटले जात आणि पापण्या वर येईपर्यंत होडीतली सगळी माणसं श्वास धरून बसत. नंदिगड्ड्याच्या जत्रेत तर कमाल झाली. तिथं खानापूरकडचा एक पैलवान येऊन जोड मागत फिरत होता. दुपारभर एका जागी उभ्या असलेल्या तारीअण्णांचे दंड बघून लोकांनी त्यांना आखाड्यात ढकललं. तारीअण्णांनी घाबरून समोरच्याच्या कमरेला मिठी घातली. तेवढंच काय ते त्यांचं काम, पुढचं सगळं त्या मिठीनं केलं. पैलवान वळवळला, ओरडला, शेवटी 'हरलो' म्हणाला, पण 'हरलो' म्हटल्यावर सोडतात हा नियम तारीअण्णांच्या हातांना माहीत नव्हता. दोघांना तसंच धरून बाजूला आणावं लागलं. मग मिठी सुटली, जिंकल्याचा ढोल कानाशी धाडकन वाजला आणि जिंकलेले तारीअण्णा दचकून तोडलेल्या सागासारखे ताठच्या ताठ आडवे झाले.

आता असा माणूस दुसऱ्या गावात असता तर पोरांनी त्याला जगू दिलं नसतं. पण इथल्या लोकांनी त्यांना हसण्याऐवजी नमस्कार करायला सुरुवात केली होती, आणि माझ्या मते ते जास्त वाईट झालं. गावाची समजूत अशी, की नदीचा राखणदार तारीअण्णांना धरतो. त्यांच्या बापालाही धरायचा, आजीलाही धरायचा. ते दचकून पडले की बाया हात जोडत. पहिली खेप राखणदाराची, म्हणून लोक होडीत चिमूटभर तांदूळ टाकत आणि गुमान थांबत. झोपडीच्या दाराशी कुणी नारळ ठेवी, कुणी केळी ठेवी, पण ठेवून लगबगीनं निघून जाई. दारात टेकून 'अण्णा, काय चाललंय' असं विचारणारं कुणी नव्हतं. राखणदार ज्याच्या अंगात राहतो त्याच्या शेजारी बसून तंबाखू कोण खाणार? आणि तारीअण्णा स्वतःही कुणाला हात लावत नसत. होडीतून उतरताना म्हाताऱ्यांना आधार लागला तर वल्ह्याचा दांडा पुढे करत, हात कधी पुढे करत नसत. एकदा एका बाईनं आपलं लेकरू घ्यायला सांगितलं तर दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "नगो अक्का. सुटला न्हाई माझा हात तर रडंल ते." पावसाळ्यात नदी फुगली की होडीची ये-जा बंद पडे. मग कित्येक दिवस त्यांना माणसाचा आवाजसुद्धा ऐकू येत नसे.

या सगळ्यामागचं खरं कारण मला कळलं ते माझ्याच आगाऊपणामुळे. त्या थंडीत एक दिवस पिशवी तयार व्हायला उशीर झाला. पलीकडे हरकारा घुंगरं वाजवत होता. तारीअण्णा नेहमीसारखे रिकामे निघाले आणि मी, सरकारी नियमांचा अवतार, "देवाला सांगा टपाल आधी!" असं ओरडून उडी मारून होडीत जाऊन बसलो. ते "नगो मास्तर, नगो" म्हणाले, पण होडी सुटली होती. माझ्या उडीनं ते दचकले होते. पहिलं वल्हं पाण्यात गेलं आणि तिथंच राहिलं. हात वल्ह्याला, वल्हं पाण्याला आणि तारीअण्णा पुतळ्यासारखे ताठ. होडी आपल्या मर्जीनं गोल फिरू लागली. मला पोहता येत नव्हतं. मी पिशवी छातीशी धरून आठवतील तेवढ्या देवांची नावं घेतली. होडी वाहत वाहत खालच्या वळणावर बांबूच्या बेटाला लागली आणि थांबली. बऱ्याच वेळानं तारीअण्णांची बोटं उघडली. मला वाटलं होतं ते रागावतील. ते खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं. सांगाय पायजे हुतं तुमाला."

त्या बांबूच्या बेटात त्यांनी मला सगळं सांगितलं. राखणदार-बिखणदार काही नव्हता. हातपाय पहिल्यांदा हलवले की आखडतात आणि सुटत नाहीत. तेच काम दहा-वीसदा केलं की हळूहळू मोकळे होतात, मग दिवसभर काही होत नाही, जोवर एका जागी बसत नाही तोवर. त्यांच्या आजीचं असंच होतं, बापाचं असंच होतं. पहिली रिकामी खेप ही बापाची अक्कल. "बा म्हणायचा, माणसाचं हात मोकळं हुईस्तवर कोण थांबत न्हाई. देवासाठी मातर थांबत्यात," तारीअण्णा म्हणाले. मग पाण्याकडे बघत बोलले, "खरं, बा हुता तवा बरं हुतं, मास्तर. सकाळी आमी दोगं बी अडकायचो. त्यो दारात अडकायचा, मी चुलीफुडं. एकमेकाकडं बगून हसायचो. हसलं की दोगांचं डोळं बी मिटायचं." बाप गेल्याला बारा वर्षं झाली होती. लग्नाची एक सोयरीक आली होती, ती यांनीच मोडली. होणाऱ्या पोरालाही हेच मिळणार आणि त्याच्याही वाट्याला हे असलं नमस्काराचं एकटेपण येणार, म्हणून मोडली. मला तेव्हा त्यांच्या त्या प्रश्नाचा अर्थ कळला आणि आपण पहिल्या दिवशी किती तोऱ्यात उत्तर दिलं ते आठवून कान गरम झाले. या माणसाला दुसरं काही नको होतं. जगात आपल्यासारखं अडकणारं आणखी एक माणूस आहे, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या खेपेला काठावर थांबू लागलो. टपाल उशिरा जाऊ लागलं आणि सरकार कोसळलं नाही.

पुढच्या वर्षी जंगल खात्याच्या छावणीबरोबर एक डॉक्टर आले. बोलायला मोकळे, पुस्तकात डोकं खुपसून बसणारे. मी त्यांच्यापाशी तारीअण्णांची गोष्ट काढली तर चहा तसाच ठेवून उठले. सकाळीच नदीवर आले. तारीअण्णांना मूठ आवळायला लावली, सोडायला लावली, घड्याळ लावून बसले. मग तारीअण्णांचा हात पालथा-उताणा करून अंगठ्याच्या मुळाशी चमच्याच्या दांड्यानं टक् करून मारलं. अंगठा आपसूक तळहातात वळला आणि वळलेलाच राहिला. डॉक्टरांना एवढा आनंद झाला की त्यांनी ते तीनदा केलं. तारीअण्णाही आज्ञाधारकपणे अंगठा देत राहिले. मग डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. दोष डोक्यात नाही, नसांत नाही, खुद्द स्नायूत आहे. स्नायूच्या एकेका तंतूवर एक पातळ पापुद्रा असतो. हुकूम आला की तो चेततो आणि स्नायू आखडतो. हुकूम संपला की तो निवायला हवा, पण यांचा निवत नाही, आपला आपणच चेतत राहतो. हालचाल करत राहिलं की निवळतो. असं का होतं ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. तारीअण्णांनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे पल्याडनं कोण कू घालतंय बगा होडीसाठी. त्यो गप झाला तरी डोंगर कू घालीतच ऱ्हातो. तसंच न्हवं?"  "अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतलं.

मी विचारलं, यावर औषध काय? डॉक्टरांनी मान हलवली. तारीअण्णांनी औषधाचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "सायेब, आनी कोण अडकतंय का?"

"आहेत की," डॉक्टर सहज म्हणाले. "समुद्रापलीकडे, थंडीच्या मुलखात एक घराणंच्या घराणं आहे. त्यांच्यातलाच एक डॉक्टर होता, त्यानं स्वतःच्या दुखण्यावर लिहिलंय. त्याचं असंच, मुलांचं असंच, आजा-पणजांचं असंच."

 मला वाटलं, तारीअण्णांची जीभ अडकली. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते मिटले तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटून राहिले. डॉक्टरांची छावणी दुपारीच उठली आणि त्या घराण्याच्या गावाचं नाव विचारायचं आमच्या दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

त्या दिवसापासून तारीअण्णा 'आमची तिकडची माणसं' असं म्हणू लागले. थंडी वाढली की मला म्हणत, "मास्तर, तिकडं तर ह्याच्याहून जास्त थंडी. तेंस्नी तीन खेपा रिकाम्या घालाव्या लागत असतील न्हवं?" मी सांगून बघितलं की ती मंडळी डॉक्टर वगैरे आहेत, होडी चालवत नसावीत. ते त्यांना पटलं नाही. दर्याच्या काठाला राहून होडी न चालवणारं माणूस त्यांच्या डोक्यात बसेना. दसऱ्याला त्यांनी मला सोनं दिलं आणि दोन पानं जास्तीची दिली, तिकडच्या माणसांची म्हणून. चाळिशी उलटलेला हा एवढा दांडगा माणूस न पाहिलेल्या गोतावळ्यापायी असा हरखला होता, की चेष्टा करायची माझी जुनी खोडसुद्धा मोडली. आणि मग एक दिवस त्यांनी पत्र लिहायला सांगितलं.

"तेंना मराठी येतं का?" त्यांनी आधी विचारलं.

"नाही हो."

"मग कानडीत लिवा."

मराठी न येणाऱ्याला कानडी येतंच, हा आमच्या भागातला अनुभव. तो समुद्रापलीकडेही लागू आहे असं त्यांनी धरून चाललं होतं. शेवटी मराठीतच लिहायचं ठरलं. मी मायना घातला, 'पत्रास कारण की' लिहिलं आणि पुढची भाषा सुधारायला गेलो, पण ते म्हणाले, "मी बोलतो तसंच घाला." ते उभे राहून सांगत होते आणि मी लिहीत होतो:

"थोरांस नमस्कार, ल्हानांस आशीर्वाद. हितं समदी खुशाल, म्हंजे मी खुशाल. तुमी बी अडकता असं डागदरानं सांगितलं. बरं वाटलं. सकाळी पयला पाय उचलायच्या आधी मी कुडाला हात लावून धा मोजतो. तुमी किती मोजता? शिंक आली की तुमचं डोळं मिटत्यात का? लोक तुमाला देवाचं म्हणत्यात का येड्याचं? मला देवाचं म्हणत्यात. जवळ कोण बसत न्हाई. तुमच्यात ल्हान पोरं असतील तर तेंस्नी सांगा, भिऊ नगो, हलत ऱ्हायलं की सुटतं. माझा बा मला असंच सांगायचा. तुमी एका घरात एवढी माणसं हाय म्हंजे सकाळी मजा येत असंल. हिकडं कवा आलासा तर पयल्या खेपेला बसवणार न्हाई, दुसरीला बसवीन. उत्तर घाला."

मी पत्र घडी करून पाकिटात घातलं. पत्ता नव्हता. छावणीच्या डॉक्टरांना मी जंगल खात्याच्या पत्त्यावर चिठ्ठी लिहून विचारलं. ती चिठ्ठी, ते आता तिथं नाहीत, असा शेरा घेऊन परत आली. हे तारीअण्णांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. मुलांना रोज 'खरे बोलावे' गिरवायला लावणारा मी मास्तर, पत्र पेटीच्या तळाशी ठेवून गप्प बसलो. रोज पलीकडे जाताना ते विचारत, "आलं काय?" मी म्हणे, "लांबचा मुलूख आहे, अण्णा." ते म्हणत, "व्हय व्हय, लांब हाय." एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. हळूहळू ते विचारेनासे झाले. नुसते माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत, आणि मग पाण्याकडे बघत. ते विचारत होते तेव्हाच बरं होतं.

मग माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी शेवटची पिशवी घेऊन काठावर गेलो. तारीअण्णा नेहमीसारखे धुक्यात उभे होते. मी खिशातून पाकीट काढलं आणि सगळं सांगून टाकलं. पत्ता मिळाला नाही, पत्र गेलंच नाही, मी खोटं बोलत राहिलो.  ते ताठ उभे होते, आणि ते अडकले होते की ऐकत होते, हे मला कळत नव्हतं.

"मला ठावं हुतं," ते शेवटी म्हणाले. "पिशवीकडं बगताना तुमचं तोंड पडायचं, मास्तर."

"मग तसं मला म्हणाला का नाहीत? रागावला का नाहीत?"

"रागावून काय करू? तुमी रोज येत हुता की." त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "पत्ता घाला."

"कुठला घालू, अण्णा?"

"डागदर बोलला न्हवं? थंडीचा मुलूख, दर्याचा काठ, सकाळी अडकणारी माणसं. तेवढं घाला. फुडं जाईल न्हाई तर ऱ्हाईल."

मी गुडघ्यावर पाकीट ठेवून तसंच्या तसं लिहिलं. तिकीट लावलं, शिक्का मारला. टपालाच्या नियमात ते कुठंच बसत नव्हतं. मी पिशवीची मोहोर तोडून पाकीट आत घालणार होतो, पण तारीअण्णांनी ते मागून घेतलं आणि होडीत फळीवर, लोक तांदूळ टाकत त्या जागी, दगडाखाली दाबून ठेवलं. "पयल्या खेपेला माणूस चालत न्हाई. कागदाला काय हाय?" म्हणाले. मग एक पाय पुढे आला, दुसरा आला, आणि होडी हळूहळू निघाली. धुक्यातून पलीकडे हरकारा दिसत होता. तारीअण्णांनी पाकीट त्याच्याकडे दिलं. ते बोटांतून सुटायला वेळ लागत होता आणि हरकारा बिचारा हात पसरून उभा होता. परत आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, ते कुठंच पोचायचं नाही हो." ते म्हणाले, "पयली खेप रिकामीच जाती, मास्तर. म्हनून घालायची कवा सोडली न्हाई."

मला न्यायला गाडी पलीकडच्या काठाला दुपारी येणार होती. त्या दिवशी बाजार होता. सकाळपासून तारीअण्णांनी माणसं, कोंबड्या, मिरीची पोती अशा वीसेक खेपा घातल्या होत्या. उन्हात अंगावरून घाम निथळत होता आणि होडी लोण्यातून चालावी तशी चालत होती. माझी पेटी त्यांनी एका झटक्यात उचलली, गाडीत ठेवली आणि हात झाडले. मी नमस्कार केला. त्यांनी दोन पावलं पुढे येऊन माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. इतक्या दिवसांत त्यांनी कुणाचाच हात धरलेला मी पाहिला नव्हता. गाडीवान बैलांना चुचकारत होता, बाजारची माणसं थबकून बघत होती. हात सुटेना.

"आडकला, मास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुपार झाली होती, ऊन होतं, वीस खेपा झाल्या होत्या. अडकायचं काहीच कारण नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि सगळ्या मुलखात मला एकट्याला माहीत होतं.

"अडकू दे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.